विमलताईंनी आभार मानू दिले नाहीत

त्या सकाळी आमच्या महाविद्यालयाच्या व्हॉट्सअॅप गटावर अभिनंदनाची रीघ लागली होती. वनस्पतिशास्त्राच्या संशोधन केंद्रातून पहिली पीएच.डी. झाली होती, नसीमाची. फुलांचे गुच्छ, टाळ्या वाजवणारे हात, ‘भिवंडीचं नाव काढलंस पोरी’... चहाचं आधण ठेवून मीही दोन ओळी लिहीत होते. तेवढ्यात विमलताईंच्या नावाने निरोप आला. वर त्यांचा तोच चष्म्यातला, जरा रागावलेला फोटो आणि खाली, ‘मावशी पहाटे गेली. – सुमेध.’ भाच्याने त्यांच्याच फोनवरून कळवलं होतं. काहींनी ते वाचलंच नसावं. त्या निरोपाखालीही बराच वेळ टाळ्या वाजत राहिल्या. आदल्या संध्याकाळी पीएच.डी. झाल्याचं सांगायला नसीमाने फोन केला तेव्हा सुमेधने तो ताईंच्या कानाशी धरला होता. त्यांना कळलं का? सुमेध म्हणतो, कळलं. मी त्याला पुन्हा विचारलं नाही.

विमल गायकवाड वनस्पतिशास्त्राच्या, मी मराठीची. एकाच कला-विज्ञान महाविद्यालयात असलो तरी आमचे विभाग इमारतीच्या दोन टोकांना. मैत्री झाली ती डब्यामुळे. स्टाफरूममध्ये जेवताना घरच्या गोष्टी निघत, कुणाची सासू, कुणाच्या मुलाची दहावी. माझे यजमान लवकर गेले, मुलगा परदेशात. ताईंनी लग्न केलं नव्हतं. वडील एसटीत चालक होते. ते गेल्यावर पडघ्याच्या घरात आई आणि त्या, आणि पुढे नुसत्या त्या. त्या टेबलावर आम्हा दोघींकडे सांगण्यासारखं काही नसायचं. एक दिवस ताई डबा उचलत म्हणाल्या, “मंदा, चल माझ्या प्रयोगशाळेत. तिथली झाडं कमी बोलतात.” तेव्हापासून आम्ही खिडकीशी दोन स्टुलांवर बसून जेवायचो. पुष्कळदा काही न बोलता.

ताई गोड नव्हत्या. काचपट्टी नीट पुसली नाही तर मुलांना दाराबाहेर उभं करत. कुणी हळू बोलू लागला की त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकत, आणि बऱ्याचदा चुकीचं. कुणी आभार मानलेले तर त्यांना खपतच नसत. नोकरी लागलेला एक विद्यार्थी पेढे घेऊन वाकला, तर म्हणाल्या, “पेढे ठेव. आभार घरी घेऊन जा.” तो बिचारा गोरामोरा झाला. नंतर मी म्हटलं, “ताई, आभार ठेवून घेतले तर काय बिघडतं?” “आभार मानले की माणूस मोकळा होतो, मंदा. मला कुणाला मोकळं करायचं नाही.”

दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांच्या विभागावर बंद पडण्याची पाळी आली. विषयाला मागणी नाही, यंदा मुलं आली नाहीत तर पदवीचा वर्ग बंद, असं ठरलं. भर मे महिन्यात ताई माझ्या दारात उभ्या. “तू पाटलांची आहेस. तुला कुणी दारातून हाकलणार नाही. चल.” मग आम्ही दोघी लूमच्या गल्ल्यांतून फिरलो. तिथे घराला घर लागून कारखाने. खडखडाटात ओरडल्याशिवाय बोलता येत नाही, आणि ओरडून ‘वनस्पतिशास्त्र’ म्हणणं काही सोपं नाही. एका घरात शकीलभाई नावाचे विणकर नुकतेच शिफ्ट संपवून आले होते. मुलगी बारावी पास झाली होती, दाराआडून ऐकत होती. शकीलभाई दमलेल्या आवाजात म्हणाले, “मैडम, लडकी पेड-पौधे पढके क्या करेगी?”

ताई म्हणाल्या, “आपका लूम कपास पे चलता है ना? कपास पेड पेच लगता है.”

“अब तो पॉलिएस्टर चलता है, मैडम.”

ताई इतक्या खळखळून हसल्या, की तेही हसले. “तो मैं हार गई. लेकिन लडकी को तो पढने दो!” ती मुलगी नसीमा. त्या वर्षी वर्ग कसाबसा भरला. विभाग वाचला.

पुढे नसीमाने संशोधनासाठी विषय निवडला तो वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांतल्या शेवाळाचा. इतक्या कढत पाण्यात ते जगतं कसं, हा तिचा प्रश्न. ताई तिला घेऊन एसटीने जात. सुट्टी असली की मलाही ओढत. दोघी कुंडाच्या कडेला बसून दगड खरवडायच्या, बाटल्या भरायच्या. आंघोळीला आलेली एक म्हातारी बराच वेळ बघत होती. “काय नेताव गो बाय?”

“शेवाळ, आजी.”

“न्या, न्या. सगला न्या. आमचे पाय घसरतान रोज.”

ताई परतीच्या बसमध्ये हे वाक्य आठवून वज्रेश्वरीपासून भिवंडीपर्यंत हसत होत्या. त्यांना एवढं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही. त्याच पावसाळ्यात त्यांचं पोट दुखायला लागलं, आणि दुखणं काय आहे ते समजायला उशीर झाला.

नसीमाचा प्रबंध तेव्हा शेवटच्या टप्प्यात होता. मार्गदर्शकच मध्ये गेली तर तो अडकून पडेल, ही एकच भीती ताईंना खात होती. एका दुपारी जेवताना त्यांनी सांगून टाकलं, “सावंतला मार्गदर्शक करायला सांगितलंय. मी नाव काढून घेतलं.” सावंत त्यांच्याच विभागातला तरुण प्राध्यापक. मी चिडले. “सगळी मेहनत तुमची, आणि नाव दुसऱ्याचं?” ताईंनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. “मग काय करू? मी जगेपर्यंत तिला थांबवून ठेवू?” आम्ही डबे तसेच बंद केले.

पडघ्याला ताईंसाठी बुद्धवंदना आणि पुण्यानुमोदन झालं, त्याला तीन पिढ्यांचे विद्यार्थी आले होते. त्यानंतर काही दिवसांनी महाविद्यालयात कृतज्ञता समारंभ झाला. वर्ष खरंच चांगलं गेलं होतं. मूल्यांकनात वरची श्रेणी मिळाली, युवक महोत्सवात आमच्या मुलांचं नाटक पहिलं आलं, आणि ही पीएच.डी. झाली. प्राचार्यांनी एकेक नाव घेतलं. नसीमाचं घेतलं, मार्गदर्शक म्हणून सावंतांचं घेतलं. कागदोपत्री ते बरोबरच होतं. सावंत मान खाली घालून व्यासपीठावर गेले आणि शाल न घेताच परत आले. मग नसीमा बोलायला उभी राहिली. “गायकवाड मॅडमनी सांगून ठेवलंय, आभार मानायचे नाहीत. म्हणून मी मानत नाही.” एवढंच बोलून ती खाली उतरली. ज्यांना समजलं नाही त्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर मांडवात शकीलभाई मला शोधत आले. नवा कुर्ता, केस पांढरे झालेले. म्हणाले, “मैडम, उस दिन आप दोनों धूप में आई थीं. मैंने पानी तक नहीं पूछा.” मी म्हटलं, “भाई, ताईंच्या लक्षातही नसेल.” ते मान हलवत राहिले. “मेरे तो है ना.” ताईंनी कुणालाच मोकळं केलं नव्हतं...

त्या संध्याकाळी मी रिक्षाने घरी आले. ताईंची एक सवय होती. पडघ्याला बसमधून उतरून घराचं कुलूप काढलं, की मला एक रिंग द्यायच्या आणि फोन ठेवायच्या. मीही उलट एक रिंग द्यायचे. बोलणं काही नाही. त्या पोहोचल्या, मी पोहोचले, इतकंच. हे कधी सुरू झालं ते आठवत नाही. एकट्या राहणाऱ्या बायकांना असलं काही ठरवावं लागत नाही. दार लावून घेतलं, समारंभातली फुलं पाण्यात ठेवली आणि फोन हातात घेऊन खुर्चीत बसले. बाहेर दिवे लागले. मी घरी नीट पोहोचले होते, आणि ते कळवायला आता कुणी नव्हतं.