बिनपाठीचा कोट

आधी चहा घ्या. मी माझा जो गाढवपणा सांगणार हाय, तो रिकाम्या पोटी ऐकवत न्हाई.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. परभणीत ठेसणाजवळ माझं फोटूचं दुकान होतं. आता फोटू काय, कुणीबी काढतंय, पण मी पडलो कलावंत माणूस. गिऱ्हाईक आलं की आधी हनुवटी सरळ करायची, मग हाताला काम द्यायचं. एक हात खुर्चीवर, दुसऱ्यात जाडजूड पुस्तक. अंगठेबहाद्दरसुद्धा माझ्या फोटूत वकील दिसायचा.

आणि कपडे? त्यासाठी माझ्याकडं एक काळा विलायती कोट होता. एकच. पण तो पैलवानालाबी यायचा आणि पाप्याच्या पितरालाबी. कसा म्हणता? मी तो मागनं मानेपासून खालपर्यंत उभा चिरला होता आणि चार नाड्या लावल्या होत्या. माणूस बारीक असला की नाड्या आवळायच्या, जाडा असला की सैल सोडायच्या. फोटूत पाठ कुठं येती हो? अर्ध्या जिल्ह्याच्या भिंतींवर त्या एका कोटातली मोठमोठी माणसं टांगलेली होती. त्यातल्या एकानंबी इज्जतीपायी कधी तोंड उघडलं न्हाई.

तर वालूरच्या पाटलाच्या लेकीचं लगीन निघालं. नवरदेव झरीचा, शाळेत मास्तर, लय सरळ माणूस आणि अंगानं नुसती काडी. अक्षता पडल्या की गर्दी उसळती, घामानं तोंडं चिकट होतात. म्हणून मी ठरवलं, नवरदेवाचा एकट्याचा फोटू सकाळच्या कवळ्या उन्हात जानवशाच्या अंगणातच काढायचा. कोट चढवला, नाड्या गच्च आवळून गाठी मारल्या, फोटू घेतला. मास्तरांनी आरशात बघितलं आणि ते तिथंच खिळले.

"फोटूवाले, लगीन लागोस्तोवर राहू द्या ना हा कोट अंगावर."

शहाण्या माणसानं इथं न्हाई म्हणावं का न्हाई? पण कुणी माझ्या कलेचं कौतुक केलं की माझं डोकं जाग्यावर राहत न्हाई. म्हणलं, "राहू द्या. फक्त कुणाकडं पाठ करू नका."

"शब्द दिला," मास्तर म्हणाले.

आणि शब्द म्हणजे शब्द. जानवशातनं निघाल्यावर हा माणूस भिंतीला पाठ घासत खेकड्यावानी चालायला लागला. भिंत संपली तिथं मामाला मागं चिकटवून घेतलं. मारुतीच्या देवळात तर पंचाईतच झाली. देवाकडं पाठ करता येईना, लोकांकडंबी करता येईना. बिचारा आडवा उभा राहून एका डोळ्यानं पाया पडला.

हे सगळं नवरीची आत्या बघत होती. तिनं शेजारणीला विचारलं, "नवरदेव पाठ का दावंना गं?"

शेजारीण म्हणली, "डाग असंल एखादा."

झालं. बोलणं आचाऱ्याच्या चुलीपाशी जाईपर्यंत डागाचं कुबड झालं, आणि तिथनं मांडवात परत येईपर्यंत कुबडाला शेपूट फुटलं.

पाटील तरातरा बोहल्यापाशी आले. "मास्तर, जरा फिरा बघू."

"न्हाई फिरता येणार, पाटील."

"का?"

"शब्द दिलाय."

"कुणाला?"

मास्तर म्हणजे एवढा सच्चा माणूस, माझं नाव काही घेईना.

"मग माझंबी ऐका," पाटील म्हणाले. "पाठ बघितल्याबिगर अंतरपाट धरायचा न्हाई. वऱ्हाडानं आल्या पावली परत जावं."

मुहूर्त घटकाभरावर आलेला. आणि मी कुठं होतो? क्यामेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालून लपलो होतो, खोटं कशाला बोलू. तोंड उघडलं तर कोटाचं बिंग फुटणार आणि दुकानाला टाळं लागणार. न्हाई उघडलं तर पोरीचं लगीन मोडणार. आत काचेवर सगळं उलटं दिसतं, तुम्हाला ठाऊक नसंल. पाटलाचा फेटा खाली, जोडे वर. बाजूला नवरदेवाची आई रडायलेली, आणि तिच्या डोळ्यातलं पाणी वर चाललेलं. लय वाईट वाटलं मला. ते काही बघवंना.

कापड फेकून बाहेर आलो. म्हणलं, "पाटील, शेपूट न्हाई, माझा कोट हाय तो." आणि मास्तरांना धरून मीच गर्रकन फिरवलं.

मानेपासून खालपर्यंत कोट चिरलेला, फटींतनं पांढरा सदरा आणि वर चार गाठी, जणू बांधून ठेवलेली वळकटी. आत्यानं तरी पुढं होऊन वरपासून कमरेपर्यंत हात फिरवलाच. "न्हाई बाई," ती म्हणली, "सपाट हाय."

पाटील माझ्यावर घसरले. "माझा जावई चिरलेल्या कोटात? मजाल कशी झाली तुमची?"

तेवढ्यात सकाळपासून मान खाली घालून बसलेली नवरी बोलली. "आबा, पाठ सरळ हाय आणि दिलेला शब्द मोडत न्हाईत. अजून काय बघायचंय? लावा लगीन."

गाठी सुटंनात, म्हणून अडकित्त्यानं नाड्या कापल्या. मास्तर सदऱ्यावर उपरणं घेऊन उभे राहिले आणि वेळेवर अक्षता पडल्या. माझा जीव भांड्यात पडला.

मग मला कलेचा पुन्हा जोर आला. दोन्ही घरची माणसं ओळीनं बसवली, हनुवट्या सरळ केल्या आणि कापडात शिरून वाकलो. "हसू नका, हलू नका." पण काचेवर बघतो तर सगळी उलटी माणसं गदागदा हसायलेली. नवरीसुद्धा.

मागनं आत्या आली. तिनं तो चिरलेला कोट उचलला आणि माझ्या कमरेला गुंडाळून पुढं गच्च गाठ मारली.

"फोटूवाले," ती म्हणली, "नवरदेवाच्या पाठीवरनं एवढा तमाशा झाला. पर तुमी सकाळपासून आमच्याकडं पाठ करून वाकायलात, आणि तुमची विजार मागनं पार उसवलीय. आमी म्हणलं, कलावंत माणूस हाय, हीबी नवी फ्याशन असंल."