गोल झाला होता

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आणि ती कशी बाई आहे — मी चप्पल काढतो त्यावरून ऑफिसात काय झालं ते ओळखते. पण हे तिला नऊ वर्षांत ओळखता आलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? जाऊ द्या. कारणबिरण काही नाही, सांगतोय.

मी हॉकीवेडा माणूस. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात शिकलो, तिथंच राइट हाफला खेळलो — बरा खेळायचो, फार नाही — आणि पुढं हायस्कूलला क्लार्क झालो, तरी मॅच म्हटली की मैदानावर हजर. जागा ठरलेली. गोलच्या मागं, जाळीपाशी. मॅचच्या सकाळी सुतळीनं जाळ्या बांधायचं कामही माझंच. कुणी दिलेलं नाही, मीच अंगावर घेतलेलं. सगळे मला नाना म्हणतात.

आणि या नानाचं एक नाव होतं. एकदा आमच्याच पोरीच्या पायाला बॉल लागला, अंपायरला दिसलं नाही, तर मी मागून ओरडलो — पाय लागला, पाय! आमची माणसं माझ्यावर कसली तापली होती. पण तेव्हापासून सगळ्या कॉलेजांच्या सरांमध्ये एकच बोलबाला झाला, की नाना खोटं बोलत नाही. मला ते लई आवडायचं हो. खोटं कशाला बोलू? लोकांनी खरं बोलणारा म्हणावं, यासारखं सुख नाही. ते सुख मी वर्षानुवर्षं फुकट चाखलं.

त्या वर्षी मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आमच्याकडं होत्या. शनिवार-रविवार. मुरमाचं मैदान, त्यावर फक्कीच्या रेषा, एका बाजूला मांडव. बाहेरच्या टीमांची झोपायची सोय वर्गात बाकं सरकवून, पण जेवायला एकेका घरी दोन-दोन पोरी न्यायच्या, अशी आमची रीत. शनिवारी संध्याकाळी माझ्या घरी आल्या पाथर्डीच्या बाजूच्या दोघी. एक गोलकीपर, ती जेवून पेंगायला लागली. दुसरी कावेरी. त्यांची सेंटर फॉरवर्ड.

दिवसभर मी तिचा खेळ बघितलेला. काय सांगू! बॉल स्टिकला चिकटवून ठेवल्यासारखा. स्टिक मात्र अशी, की जागोजाग टेप गुंडाळलेली.

बायकोनं शेंगोळे केले होते. कावेरीनं तीनदा मागून घेतले आणि खाता खाता सगळं सांगून टाकलं. आई-बाप ऊसतोडीला. तिथं कोयता म्हणजे जोडी, नवरा-बायको मिळून एक, म्हणून पोरींची लग्नं लवकर उरकतात. तिच्यासाठीही स्थळ बघून ठेवलेलं. बापानं एवढंच कबूल केलं होतं — विद्यापीठाच्या टीममध्ये नाव आलं तर शीक, न्हाई आलं तर उन्हाळ्यात हळद. हे ती हसत सांगत होती. मग मला विचारलं, "काका, निवडीचं सर निस्ती फायनलच बघत्यात ना?"

खरं होतं ते. निवड समिती रविवारी दुपारी यायची, फायनल बघायची, नावं लिहायची, निघून जायची. सेमीफायनलला हरलेली टीम तोवर एसटीत बसलेली असायची. मी म्हणालो, बिनधास्त खेळ पोरी. असं म्हणालो मी. माझ्याच घरात, माझ्याच ताटाशी.

रविवारी सकाळी सेमीफायनल. आम्ही विरुद्ध त्या.

आमचा एक गोल पहिल्या अर्ध्यात झाला. आमचं कॉलेज घरच्या मैदानावर कधी फायनलला गेलेलं नव्हतं, हे तुम्हाला सांगायला हवं — म्हणजे, नकोच. त्यानं काय फरक पडतो?

शेवटची तीन-चार मिनिटं राहिली होती. कावेरीनं डाव्या अंगानं दोघींना चुकवलं आणि गोलपुढच्या अर्धगोलाच्या, डीच्या टोकावरून असा फटका मारला की बॉल कमरेएवढा उचलला गेला. खांबाच्या आतून. आतून! माझ्यापासून हातभर अंतरावर. आणि जाळीच्या कडेला एक भोक होतं, तिथून बाहेर पडून मागच्या लिंबाला जाऊन आपटला. ते भोक मला चांगलंच माहीत होतं. सकाळी सुतळी संपली म्हणून मीच तसं सोडलेलं.

सगळ्यांना बॉल दिसला तो लिंबाखाली पडलेला. अंपायरच्या पुढ्यात आमच्या तिघी पोरी, त्यात धुरळा. त्याच्याकडं एकच गलका झाला. कावेरी ओरडली नाही. तिनं फक्त हात लांब करून माझ्याकडं दाखवलं.

"त्या काकांना इचारा. ते जाळीपाशीच हायेत."

नियमात हे कुठंही बसत नाही. पण दोन्हीकडच्या सरांनी मान डोलावली — नाना म्हणतील ते कबूल. त्यांच्या सरांनीसुद्धा! अंपायर माझ्याकडं यायला निघाला. आणि तो येईपर्यंत मी काय केलं ते ऐका. मी दोन पावलं सरकलो, जाळीला पाठ लावून उभा राहिलो आणि पाठीमागं हात नेऊन ते भोक चिमटीत गोळा करून धरलं. म्हणजे तोंडातून निसटलं, असं म्हणायची सोय मला नाही. आधी हातांनी खोटं केलं, मग तोंडानं.

"बाहेरून गेला," मी म्हणालो.

आमची पोरं नाचायला लागली. कावेरीनं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिनं डोळे चोळले, मोजे वर ओढले आणि पळत आपल्या जागेवर गेली. एक-शून्य. अकराच्या एसटीनं त्या गेल्या. मी स्टँडवर पोचवायला गेलो नाही. दरवेळी जायचो.

फायनलच्या आधी मी ते भोक बांधून टाकलं. दुहेरी गाठी मारल्या. फायनलमध्ये आम्ही पाच गोलांनी सपाटून मार खाल्ला. निवड समितीतले एक सर मला म्हणाले, नाना, यंदा चांगली सेंटर फॉरवर्डच दिसत नाही कुठं. मी हो म्हणालो.

एवढंच असतं तर कदाचित पचवलंही असतं. माणूस काय काय पचवतो! पण दोन वर्षांनी, थंडीत, राहुरीकडून येताना चहाला थांबलो. कडेला उसाच्या मोकळ्या ट्रॉल्या उभ्या होत्या. त्यातल्या एकीवरून कावेरी उतरली. कडेवर लेकरू. मी मान फिरवली, तरी तिनं ओळखलंच. धावत आली. नवऱ्याला हाक मारून सांगितलं, ह्यांच्या घरी म्या जेवले हुते. काकूची चौकशी केली. आणि मग स्वतःच तो विषय काढला.

"काका, त्या दिशी म्या उगंच तुमाला मधी वढलं. मला बॉल आत गेल्यावानी दिसला हुता. तुमी बाहीर म्हणला, मंग म्या समजले, आपलीच नजर फसती. आता बी कोन काय म्हणलं की मला वाटतं, त्याचंच बराबर आसंल."

तिथं आमचं कुणी नव्हतं. मॅच नव्हती, कॉलेज नव्हतं, निवड समिती नव्हती. एक वाक्य होतं फक्त — पोरी, तुझी नजर बरोबर होती. काय जाणार होतं माझं? ती चिडली असती, शिव्या दिल्या असत्या, नवऱ्यानं गचांडी धरली असती. पण तिचे डोळे तरी तिला परत मिळाले असते.

मी म्हणालो, "होतं असं. धुरळ्यात फसते नजर."

तिनं मान हलवली. पटलं तिला.