दादाची भिंत आणि माझी लांबी

अख्ख्या पंचवटीतल्या भिंती लोण्यासारख्या गुळगुळीत करणाऱ्या माझ्या दादाने स्वतःच्या बैठकीतली एक भिंत खडबडीत का ठेवली असेल? त्याला विचारलं तर हसायचा. वहिनीला विचारलं तर ती चहा ठेवायला उठायची. आता तर दादाच राहिला नाही. आणि त्या भिंतीपायी मी जो घोळ घातला, तो काही माझ्या पोटात राहायचा नाही!

भिंत कशी? प्लास्टर ओलं असतानाच बारीक रेघांनी काढलेले पंखे, एकाला एक चिकटून, पार छतापर्यंत. टेकलं की सदऱ्याचे धागे निघायचे. आणि दादा गेल्यापासून वहिनी रोज त्या भिंतीकडे बघून रडायची.

मी सातवी नापास. पण एवढं गणित मला जमलं! भिंत दिसते म्हणून वहिनी रडते. भिंत गुळगुळीत केली की रडणं बंद. बरोबर ना?

वर्षश्राद्धाला आठवडा होता. वहिनी चार दिवस दिंडोरीला माहेरी गेली. मी लगेच बादलीभर लांबी कालवली. लांबी म्हणजे रंगाच्या आधी भिंतीवर पत्र्याने ओढतात तो पांढरा लगदा. तेवढ्यात दादाचा जोडीदार गफूरचाचा दारात उभा.

"भिंतीवर हात फिरवून बघितलास? हाताला चुना लागतो का?"

"चाचा, दोन वर्षं दादाच्या हाताखाली माल कालवलाय मी!"

"कालवलास. लावला नाहीस. जुना चुना असला तर आधी खरवड, मग पाणी मार."

"एवढा वेळ कुणाला आहे?"

"कर बाबा. तू कधी कुणाचं ऐकलंयस?"

तसेच लांबीचे तीन हात ओढले. भिंत अशी झाली की माशी बसली तर घसरून पडावी!

वहिनी परत आली. भिंत बघितली. एक शब्द न बोलता आत गेली. मी म्हटलं, आनंदाने बोलती बंद झाली! पुढचे दोन दिवस ती धड जेवली नाही. मला वाटलं, श्राद्धाची दगदग!

श्राद्धाची पंगत बसली. वहिनीचे वडील तात्या भिंतीला टेकले. "आता कसं पाठीला बरं वाटतं," म्हणाले. माझी कॉलर ताठ! मग तात्या खिरीची वाटी उचलायला वाकले आणि त्यांच्या पाठीबरोबर परातीएवढा पापुद्रा निघाला. त्याच्यामागे कडकड कडकड करत सगळीच लांबी पापडासारखी सुटली. तात्यांच्या टोपीवर, पाहुण्यांच्या पानात, खिरीत!

"अरे बाळ्या, भिंत पडली की काय?"

"नाही तात्या. फक्त माझं काम पडलं."

वहिनी आतून धावत आली. आता काही माझं खरं नाही, म्हणून मी डोळेच मिटले. उघडतो तर ती भिंतीवर तळवा ठेवून उभी. खालचे पंखे जसेच्या तसे!

"वाचली हो भाऊजी! मला वाटलं, तुम्ही खरवडूनच टाकली."

"मग बोलला का नाही, वहिनी?"

"हे गेल्यापासून पहिल्यांदाच तुम्ही कामाला हात लावला होता. काय बोलणार?"

चाचा पानातले तुकडे वेचत म्हणाला, "माझं ऐकलं असतंस तर भिंत गेली होती रे! तुझा आळस कामाला आला."

पाहुणे गेल्यावर मी ओलं फडकं आणि जुना दातांचा ब्रश घेऊन एकेक पंखा धुतला. अगदी खालच्या कोपऱ्यात लाल काहीतरी दिसलं. ओढलं तर हातात आला बायकांच्या कंगव्याचा तुटका दात!

"वहिनी, भिंतीत कंगवा कसा काय?"

वहिनी लाजली. वर्षभरात पहिल्यांदा हसली. आणि चहा ठेवायला उठली.

मी तो दात परत त्याच खाचेत बसवला, नखभर लांबी लावली आणि चहा येईपर्यंत अंगठ्याने दाबून धरला. अख्ख्या बादलीतली तेवढीच लांबी टिकली. तीसुद्धा आधी खरवडलं आणि पाणी मारलं म्हणून.