वयाचा रकाना

पाचोऱ्याच्या पोस्टात मी खिडकीवर असताना एका आजोबांनी मासिकातलं पत्रमैत्रीचं बारीक अक्षरांचं कूपन माझ्याकडून भरून घेतलं. छंद क्रिकेट; पुढे कंसात, 'कसोटी तेच खरं, वनडे म्हणजे टाइमपास'. पत्ता घरचा नको, पोस्टाचा. मी वयाशी आलो, तसा त्यांनी त्या रकान्यावर अंगठाच ठेवला.

"वय लिखू नको, भाऊ. म्हातारा समजना का सगळा पोरे पाया पडतस. भांडत कोनी नही."

मग रोज टपालाची पिशवी उघडायच्या वेळी ते हजर. महिन्याभरानं पत्र आलं. चष्मा पुसून त्यांनी ते खिडकीशीच वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"देख, हाऊ पोऱ्या माले येडा म्हनस!"

उत्तरासाठी त्यांनी एक आंतर्देशीय मागितलं. मी ते काढेपर्यंत पुन्हा पत्रात डोकावले आणि म्हणाले, "पाच दे."