यानातला उंबरा

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी बेंगलोरहून सुट्टी काढून कळंब्याला घरी आलो, आणि सुट्टी संपत आली तेव्हा एक अंतराळयान बांधत बसलो होतो. खरं नव्हे. पुण्याच्या एका कंपनीच्या गेममधलं, कुणाच्या तरी डोक्यातून निघालेलं, पिढ्यान्‌पिढ्या आकाशात फिरणारं यान. त्याचं आतलं सगळं कॉम्प्युटरवर उभं करायचं होतं: झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, इंजिन, भाजी पिकवायची जागा. खेळणाऱ्यानं आत चालायचं, कपाटं उघडायची, दिवे लावायचे, वाटलं तर नळ सोडायचा. हे काम पसंत पडलं तर कंपनी मला कायमचं घेणार होती, तेही घरी बसून. म्हणजे मी आईजवळ राहणार. नाही पडलं तर सोमवारी बेंगलोरची बस, आणि मग रोज फोनवरून "जेवलीस का?" विचारायचं.

आई म्हणायची, "जा की. माझं काय अडत न्हाय."

अडत होतं. वॉकर धरून ती घरभर फिरायची, पण पुढच्या दाराशी आली की थांबायची. आमचा उंबरा जुन्या पद्धतीचा, चांगला चार बोटं उंच. मी हात दिल्याशिवाय तिला बाहेर कट्ट्यावर येता येत नसे. मी म्हटलं, सुताराला सांगून दोन्ही बाजूंनी उतरत्या फळ्या बसवून घेऊ. तर म्हणाली, "नको. कुठं जाणार हाय मी भाईर?" पुन्हा विचारलं तेव्हा तिनं तोंड फिरवून टीव्हीचा आवाज वाढवला. मलाही राग आला. म्हटलं, बस मग घरात.

दिवसा मात्र ती माझ्या शेजारी खुर्ची टाकून यान बघत बसे आणि चौकशा करी. एवढ्या माणसांची भांडी घासायची कुठं? चपला कुठं काढायच्या? आधी मी वैतागलो, मग गुपचूप घासायला जागा केली आणि जिन्याखाली चपलांचं कपाट ठेवलं. बाईचं म्हणणं खोटं नव्हतं.

काम पाठवलं. दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या मॅडमचा फोन आला. बोलणं पुणेरी, मऊ. पण बातमी अशी की पहिल्याच खोलीच्या दारात माणूस अडकतो, बाहेर पडतच नाही. मी फोन चालू ठेवूनच यान उघडलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून आलो. कुठंही अडकलो नाही. झालं, डोकं फिरलं माझं. आमचा आवाज मुळातच मोठा, त्यात राग. "मॅडम, माझ्याकडं सगळं व्यवस्थित चालतंय. तुमची मशीनं तपासून घ्या," म्हणालो, आणि फोन ठेवून आईला ऐकवलं, "नाचता येईना अंगण वाकडं."

शिवाय यानात फिरतानाचा व्हिडिओही पाठवला. मॅडमनी तो शांतपणे बघितला आणि तितक्याच शांतपणे कळवलं की तुम्ही जाता हे दिसतंय, पण आमच्यातल्या एकालाही जाता येत नाही, तेव्हा शनिवारपर्यंत बघा. त्यापुढं आम्हाला दुसरं कुणीतरी शोधावं लागेल.

मग मात्र कामाला लागलो. दार खोललं, पुन्हा जोडलं, भिंती तपासल्या, सगळं पुन्हा पुन्हा चालून बघितलं. माझ्याकडं चालायचं, त्यांच्याकडं नाही. शुक्रवारी दुपारी मी बॅग काढून कपाटासमोर ठेवली. आईनं ती बघितली. म्हणाली, "एवढं काय हाय त्यात, मला तरी फिरव एकदा."

तिला मी बाणांची तेवढी बटणं दाखवली. ती पलंगाला वळसा घालून निघाली, भिंतीवर आदळली, स्वतःशीच हसली, परत फिरली आणि दाराशी आली. थांबली. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग हात मागं घेऊन म्हणाली, "हितं बी उंबरा केलायस व्हय? आता हितं मला हात कोण देणार?"

मी स्क्रीनजवळ वाकलो. दाराखाली खरंच उंबरा होता. कंपनीच्या चित्रात नव्हता. मी केला होता, यानातल्या प्रत्येक दाराला, आणि करताना मनात विचारसुद्धा आला नव्हता, कारण दार म्हटलं की खाली उंबरा आलाच. त्यांच्या गेममधला माणूस नुसता चालतो. उडीचं बटण मी माझ्या तपासणीपुरतं ठेवलं होतं. आणि उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हे आईनंच लहानपणी पाठीत धपाटे घालून शिकवलेलं. त्यामुळं दार आलं की माझा अंगठा आपोआप त्या बटणावर पडत होता. व्हिडिओतही मी प्रत्येक दारात टुणकन उडी मारली होती, पण चित्र चालणाऱ्याच्या डोळ्यांतून दिसायचं, त्यामुळं बघणाऱ्याला तो नुसता हिसका वाटला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी इतका हसलो की डोळ्यांना पाणी आलं.

"हसतोस काय येड्या?" आई म्हणाली. "मी अडकलोय आणि तू हसतोयस."

उंबरे काढवेनात. त्याऐवजी उंबरा आला की त्या माणसाचं पाऊल आपोआप उचललं जाईल अशी सोय केली. आईला पुन्हा बसवलं. ती एकेक दार ओलांडत थेट भाजीच्या खोलीपर्यंत गेली आणि "मिरच्या कुठायत?" म्हणाली.

दुरुस्त केलेलं यान पाठवलं आणि मॅडमची माफी मागितली. शनिवारी दुपारी त्यांचा फोन आला: काम पसंत आहे, आणि उंबरे राहू द्या. जीव भांड्यात पडला माझा. आई तांदूळ निवडत बसली होती, ताट मांडीवर. मी म्हटलं, "झालं काम. मी आता कुठं जात न्हाय."

तिनं ताट बाजूला ठेवलं. पदरानं नाक पुसून म्हणाली, "मग बोलव त्या सुताराला. फळ्या बसवून घे. तू हाईस तर तुझ्यासंगं भाईर येऊन बसायला कारण तरी हाय."