बंदूक न विकणारे उस्ताद

आमचे उस्ताद गिऱ्हाइकाला आधी माठातलं पाणी देत आणि तो ते पीत असताना त्याच्यावर संशय घेत. अकोल्यात त्यांचा बंदुकांचा छोटा कारखाना होता आणि पुढच्या खोलीत बसून मी गिऱ्हाइकांचे परवाने तपासायची. परवाना बरोबर आहे असं सांगितलं, की उस्ताद म्हणत, "कागद चांगला हाय बेटा. आता मानूस पाहू दे."

कारखाना उस्तादांच्या आजोबांचा. शिकारी साहेबांच्या बंदुका दुरुस्त करता करता त्यांनी स्वतःची ठासणीची बंदूक घडवली. वडिलांच्या काळात काडतुसाच्या एकनळी, दुनळी निघू लागल्या. पुढे शिकारीवर बंदी आली, शिकारी गेले. उरले बँकांचे पहारेकरी आणि रानडुकरांनी हैराण केलेले शेतकरी. दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड उस्ताद स्वतः घासत. कारागिरानं नळी झाली म्हटलं तरी ती उजेडाकडे धरून आत डोळा लावत. त्यांचा स्वतःच्या हातावरही भरवसा नव्हता.

बंदुकीहून जास्त ते माणूस तपासू लागले, त्याला कारण घडलं होतं. वऱ्हाडात रोज कुणी ना कुणी जीव दिल्याची बातमी यायची, ते दिवस. एकदा पोलीस आमची एकनळी ओळख पटवायला घेऊन आले. मालकानं ती स्वतःवरच चालवली होती. उस्ताद "माहीच हाय" एवढंच म्हणाले आणि त्या दुपारी जेवले नाहीत.

त्यानंतर नांदगाव खंडेश्वरकडचे शेतकरी रामभाऊ आले. परवाना चोख. उस्तादांनी पाणी दिलं.

"घरी कोन कोन हाय?"

"सद्या एकलाच हाओ. बायको माहेरी गेली."

"काडतुसं किती पाह्यजे?"

"दोन-चार बस झाले."

उस्तादांचा चेहरा उतरला. "नळी बसली नाई अजून. मंग या."

बंदूक कपाटात तयार होती. रामभाऊ पुन्हा आले तेव्हा दस्ता ओला होता, त्यानंतर घोडा अडकत होता. मी म्हटलं, "उस्ताद, मानूस साधा वाटते."

"त्या एकनळीवाल्याले पाहून बी मले तसंच वाटलं होतं," ते म्हणाले.

शेवटी रामभाऊ चिडले. "मी काय चोर हाओ? फिरवून काहून राहिले मले?" ते गेले आणि आलेच नाहीत. उस्तादांना चैन पडेना. एके सकाळी मला घेऊन ते बसनं रामभाऊंच्या गावी गेले.

रामभाऊ बाजेवर होते, मांडीला भलंमोठं बँडेज. हरभऱ्यात डुकरं शिरली, काठी घेऊन धावले, तर डुकरानं मांडी फाडली. भावाचं लग्न आटोपून परतलेली बायको शेजारी बसली होती. तिनं उस्तादांना वर बसा म्हटलं नाही.

"मले वाटलं, तू सोतावर चालवशीन," उस्ताद कसंबसं बोलले. "काडतुसं बी दोन-चारच मांगतली."

"आवाजानंच पयते डुक्कर. जास्त कायले पाह्यजे?" रामभाऊ म्हणाले. "अन् मराचंच असतं त विहीर वावरातच हाय. तुमच्या दारी कायले चकरा मारल्या असत्या? एक डाव इचारून त पाह्याचं, उस्ताद."

रामभाऊंचा पाय बरा झाल्यावर बंदूक त्यांनी स्वतः पोचवली.

संशय मात्र सुटला नाही, फक्त ते आता तोंडावर विचारू लागले. पाणी पिऊन झालं की, "सोतावर त नाई चालवशीन?" काही जण भडकले. एक पहारेकरी हसत सुटला. धारणीकडचा एक जण मात्र रिकामा पेला हातात धरून बसून राहिला. उस्तादांनी शटर ओढलं, त्याला आपल्या डब्यातलं खाऊ घातलं आणि त्याच्याबरोबर जीपनं थेट त्याच्या भावाच्या घरी गेले.

परतले तेव्हा मी विचारलं, "बंदूक?"

"नाई देल्ली. भावाले देऊन आलो त्याले."

पुढे लोक डुकरांसाठी शेताला विजेच्या झटक्याची तार लावू लागले. मागणी आटली, उस्तादांचे हातही कापू लागले, आणि त्यांनी कारखाना बंद केला. ते गेले त्या दिवशी मी त्यांच्या घरच्या बायकांमध्ये उभी होते. जनाजा निघाला तेव्हा खांदा देणाऱ्यांत तो धारणीचा माणूस दिसला, मागे त्याचा भाऊ. गल्लीच्या टोकाला कुणीतरी खांदा बदलायला पुढे झालं, तर त्यानं मान हलवून नको म्हटलं आणि तसाच पुढे चालत गेला.