वारा होता तेव्हा ससाणा डालग्याखाली होता

मंडळी, अमूर ससाण्याबद्दल मी इथं कैकदा लिहिलंय. कबुतराहून लहान पाखरू, पण आफ्रिकेला जाताना आख्खा अरबी समुद्र न थांबता ओलांडतं. पाठीशी वारा असला की निभतं. समोरून आला तर मधेच थकून पडतं.

असाच एक दमलेला ससाणा मागच्या आठवड्यात आमच्या शहागडच्या शेतात सापडला. दोन दिवसांत टोळ खाऊ लागला. तरी 'अजून जरा ताकद येऊ दे' म्हणत मी त्याला कोंबड्यांच्या डालग्याखालीच ठेवला.

आज सकाळी सोडला. एक घिरटी मारली आणि समोरच्या, मावळतीच्या वाऱ्यात हेलपाटून बांधावरच्या बाभळीवर बसला.

शेजारच्या शकीलाखाला सोयाबीन उपणत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"चार दिवस वारा उगवतीचा होता, बराबर तिकडंच नेणारा. उपणायला आपण वाऱ्याची वाट बघतो. मंग पाखराला का डालून ठेवलं?"

मी रिकामं डालगं उचलून परत कोंबड्यांकडं नेऊन ठेवलं.

आता बाभळ रिकामी आहे. गेला की पडला, बघायला उठवत न्हाई. वाईटसुद्धा वाटत न्हाई, नुसता बसून राह्यलोय.

तुम्ही असता तर डालगं कधी उचललं असतं?